गार्नेटची गाळणी

लुनेनबर्गच्या किनाऱ्यावर कुणी अनोळखी भेटलं की हवापाण्याच्याही आधी एक प्रश्न येतो. "तू कुणाचा रे?" उत्तरात बापाचं नाव द्यायचं. ते पुरलं नाही तर आजोबाचं, आणि तेही पुरलं नाही तर घराण्यात ज्याने कुणी बोट खडकावर घातली असेल त्याचं. खडकावर घातलेल्या बोटी इथे सगळ्यांच्या पक्क्या लक्षात असतात. गार्नेट विनॉटला लहानपणी या प्रश्नाचा फार राग यायचा. गंमत अशी की पुढे पोटासाठी त्याने जो धंदा धरला, त्यात दिवसभर हाच प्रश्न विचारत बसावं लागतं.

गार्नेट वेबसाइट बांधतो. आधी तो मासळीच्या कारखान्यात हिशेब लिहायचा. कारखाना बंद पडला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. बरोबरीचे लोक अल्बर्टाला तेलाच्या कामावर गेले. हा ब्रिजवॉटरला जाऊन पोरासोरांच्या वर्गात बसला आणि पीएचपी ही वेबसाइट लिहायची भाषा शिकून आला. आता गॅरेजवरच्या खोलीत त्याचं दुकान आहे. गुरांच्या डॉक्टरचं काम त्याच्याकडे, बोटी बांधणाऱ्यांचं त्याच्याकडे, आणि गावातली दोन चर्च एकमेकांशी बोलत नसली तरी दोघांच्या वेबसाइट त्याच्याकडेच.

तो काम करतो ते लारावेल नावाच्या चौकटीत. तिची रीत साधी आहे. जगातल्या ज्या ज्या गोष्टीशी आपलं काम, तिचं एक मॉडेल करायचं. म्हणजे बियाणं मंडळाची वेबसाइट असेल, तर सभासदाचं एक मॉडेल आणि वाणाचं एक. मग त्यांचं नातं सांगायचं: एका सभासदाचे वाण अनेक, एक वाण एका सभासदाचा. झालं, दोन ओळी. एकदा नातं बांधलं की यंत्राला काहीही विचारा, "ज्यांच्याकडे टोमॅटोचा वाण आहे अशी माणसं दे", ते त्या नात्याची दोरी धरून जातं आणि नावं घेऊन येतं. गार्नेटला हे मनापासून आवडायचं. माणसांची खरी नाती त्याला या वयातही धड उमगली नव्हती. कुणाची मेहुणी कुणाशी का बोलत नाही, हे त्याची बायको जॉयलीन त्याला दर नाताळात नव्याने समजावून सांगायची. खोलीत मात्र दोन ओळींत प्रकरण मिटत होतं.

आणि त्याला गाळायला आवडायचं. नको ते बाजूला काढल्याशिवाय या माणसाला चैन नाही. ऑगस्टात जॉयलीन कोवळ्या भाज्यांचं साय घातलेलं कालवण करते, त्यातले गाजराचे तुकडे तो एकेक करून ताटाच्या कडेला लावतो आणि मग जेवायला लागतो.

"तुझ्या आईने तुला बाळसं दिलं नाही, गाळणी दिली," जॉयलीन म्हणायची.

"गाजर मला पूर्वीपासून आवडत नाही."

"मीही तुझ्या आईला पूर्वीपासून आवडत नव्हते. बसले ना मग ताटात?"

तर हे बियाणं मंडळ. किनाऱ्यावरची शे-दीडशे माणसं, प्रत्येकाकडे बापजाद्यांपासून चालत आलेलं काही ना काही. नियम एकच: वाटीभर न्या, पीक आलं की दोन वाट्या परत आणा. परतफेडीचा दिवस म्हणजे मार्चमधला पहिला शनिवार. त्या दिवशी फायर हॉलमध्ये, म्हणजे अग्निशामक दलाच्या सभागृहात, टेबलं मांडतात, बरण्या आणि पाकिटं येतात, आणि दुपारी काकवी घालून रात्रभर भाजलेल्या घेवड्याचं जेवण असतं. घेवडा ब्यूला हर्टलचा, हंडाही तिचा, आणि हंड्याजवळ कुणाला फिरकू द्यायचं हेही ठरवणार तीच. ब्यूला ऐंशीच्या पुढची. सगळा किनारा तिला मावशी म्हणतो, सख्खी भाचरं सोडून. ती तिला घाबरून काहीच म्हणत नाहीत. तिच्या घेवड्याचं नाव लव्हिनिया. पांढरा दाणा, पोटावर लालसर ठिपका. तिच्या पणजीच्या नावावरून पडलेलं नाव, आणि तो वाण दुसरीकडे कुठे असल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

मंडळाच्या अध्यक्ष फर्न झ्विकर. वर्षभर त्यांची गार्नेटमागे एकच कटकट होती.

"अरे, तुझ्या वेबसाइटवर बघून लोक गाडी काढून जातात, आणि बरणी रिकामी! काल एक जण चेस्टरहून आला भोपळ्याच्या बियांसाठी. भोपळा केव्हाच संपलाय. माझ्या दारात उभा राहून मलाच बोलला."

"करतो, फर्न."

"कधी करतोस? मी मेल्यावर?"

गार्नेटने शरदात बसून सगळी वेबसाइट नव्याने लिहिली. रिकाम्या बरण्या दिसू नयेत म्हणून प्रत्येक पानावर वेगळी अट घालायची, तर पानं वीस-पंचवीस. त्याला कंटाळा आला, आणि कंटाळ्याला त्याने हुशारीचं नाव दिलं. त्याने ती अट थेट नात्याच्या ओळीतच घातली. सभासदाचे वाण म्हणजे कोणते? तर ज्यांचा साठा शून्याहून जास्त आहे ते. एका ओळीत सगळी पानं स्वच्छ झाली. चहाचा कप घेऊन तो खाली आला आणि जॉयलीनला म्हणाला, "एका ओळीत केलं." जॉयलीन म्हणाली, "मग आता जरा लाकडं फोड."

जानेवारीत मंडळ साफसफाई करतं. उन्हाळ्यात टोरांटोहून येणारी माणसं हौसेने सभासद होतात, बियाणं नेतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत. अशांना निरोपाचं पत्र जातं. पूर्वी फर्न बोटांवर मोजून ही नावं काढायच्या. यंदा गार्नेटने यंत्रालाच विचारलं: ज्यांना एकही वाण नाही असे सभासद दे. यंत्राने नावं दिली. ज्यांचे ईमेल होते त्यांना ईमेल गेले; ज्यांचे नव्हते त्यांचे पत्ते छापून गार्नेटने लिफाफ्यांवर चिकटवले. चिकटवताना समोर हॉकी चालू होती, सामना बरोबरीत होता, आणि हा पठ्ठ्या नजर पडद्यावर ठेवून पत्ते चिकटवत होता. पत्रात मजकूर असा: प्रिय सभासद, आपल्याकडून मंडळाला कोणताही वाण मिळालेला नाही, तरी आपले नाव कमी करत आहोत, शुभेच्छा.

पुढच्या आठवड्यात सात-आठ जणांनी फोन करून त्याची चेष्टा केली. "काय रे गार्नेट, मला काढलंस? आता माझ्या बायकोलाही सांग, मला काढ म्हणून." गार्नेट "बघतो, बघतो" म्हणाला आणि गुरांच्या डॉक्टरच्या कामाला लागला. त्यानंतर फर्नचा फोन आला, आणि त्यांचा आवाज चेष्टेचा नव्हता.

"ब्यूला हंडा लावणार नाही म्हणते."

"का? बरं नाही का तिला?"

"ती मला विचारते, 'फर्न, जो सभासद नाही त्याने मंडळाचा स्वयंपाक का करावा?' गार्नेट, तू ब्यूलाला पत्र पाठवलंस?"

 गार्नेट जिना चढून वर गेला, यंत्र उघडलं आणि ती ओळ समोर आली. दोन वर्षांपूर्वी पावसाने साऱ्या किनाऱ्याचा घेवडा शेतातच कुजला होता. मग मागच्या मार्चच्या शनिवारी लोक रिकाम्या हातांनी आले, तेव्हा ब्यूलाने लव्हिनियाची आपली बरणी टेबलावर उलटी केली आणि मागेल त्याला वाटी वाटी दिलं. शहाणी माणसं अर्धं ठेवून देतात, हिने पेरायला दाणासुद्धा ठेवला नाही. परत येणार होतं ते यंदाच्या मार्चमध्ये. म्हणजे जानेवारीत तिच्या नावापुढे शून्य होतं. साठा शून्य, म्हणून गार्नेटच्या ओळीप्रमाणे तो वाण तिचा नव्हताच. आणि वाणच नाही म्हटल्यावर टोरांटोच्या पाहुण्यांच्या रांगेत यंत्राने तिलाही उभं केलं. यंत्राने कुठे चूक केली नव्हती. जे सांगितलं ते इमानाने केलं होतं.

त्याने खाली येऊन जॉयलीनला सगळं सांगितलं. तिने ओटा पुसता पुसता ऐकलं.

"म्हणजे तू ब्यूलामावशीला लिहिलंस, की तुझ्याकडून काही मिळालं नाही?"

"यंत्राने..."

"यंत्राला मध्ये आणू नकोस. शनिवारी तू दोनदा वाढून घेतलास तो घेवडा कुणाचा होता?"

"आपल्या फडताळातला," गार्नेट म्हणाला.

"मावशीचा," जॉयलीन म्हणाली. "मागच्या मार्चमध्ये वाटीभर आणला होता, मागच्या अंगणात लावला. तू त्याच्यावरून रोज चालत होतास. जा आता. आणि हा पाव घेऊन जा, रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

ब्यूलाचं घर खाडीच्या टोकाला. बर्फ गुडघ्याएवढं पडलं होतं. गार्नेटने दार वाजवलं. ब्यूला मेजावर कोबी किसत होती, आंबवायला. तिने वळून पाहिलं नाही.

"कोण ते?"

"मी, गार्नेट."

"कुणाचा गार्नेट?"

तिला चांगलं माहीत होतं. गार्नेटच्या बारशाचा केक तिनेच केला होता. तरी तो निमूटपणे म्हणाला, "आर्चीचा."

"आर्ची विनॉटचा? आर्ची भला माणूस होता. बूट काढ, लादी आत्ताच पुसली आहे."

त्याने बूट काढले, पाव मेजावर ठेवला आणि उभाच राहिला. खिडकीत एक काचेची बरणी उपडी ठेवलेली होती, धुऊन लख्ख पुसलेली.

"मावशी, चूक माझी आहे."

"चूक कसली? पत्रात लिहिलंय ते खरंच आहे. माझ्याकडे दाणा नाही. ती बघ बरणी."

"तसं नाही गं. मी यंत्राला सांगून ठेवलं होतं, की ज्याच्या बरणीत आज काही आहे, तेवढंच त्याचं. बरणी रिकामी झाली की तो वाण त्याचा राहिलाच नाही, असं ते समजलं."

ब्यूलाची किसणी थांबली. "म्हणजे बाप समुद्रावर गेला, की पोर अनाथ?"

"तसंच काहीसं झालं."

"हे तुला शाळेत शिकवलं?"

"नाही. माझं मीच केलं."

"तरीच."

ती परत किसायला लागली.  मग तिने किसणी खाली ठेवली आणि कमरेला बांधलेल्या फडक्याला हात पुसले.

"काढलं म्हणून मला लागलं नाही, गार्नेट. माझं वय झालं, कधीतरी काढायचंच. पण 'काही मिळालेलं नाही' हे वाचलं आणि रात्रभर डोळा लागला नाही. मला वाटलं, खरंच कुणाला आठवत नाही की काय. एवढं सगळं देऊन टाकलं, आणि एकालाही..." तिचा आवाज फाटला, आणि फाटला याचा तिला राग आला. "ही चूल बघ, विझत चालली. लाकूड घाल, उभा काय राहिलास!"

गार्नेटने लाकूड घातलं. त्याला मान वर करवत नव्हती. आईच्या वयाच्या बाईला आपण रडवलं, तेही हॉकी बघता बघता, हे त्याला सहन होईना.

"मी तुझ्या नावापुढे बरणी लिहून टाकतो, मावशी," तो म्हणाला. "आत्ताच. मार्चमध्ये परत येणारच आहे."

"खोटं लिहायचं नाही!" ब्यूला कडाडली. "शून्य आहे तर शून्य लिही. मला शून्याची लाज नाही. पण नाव खोडायचं नाही, आणि लव्हिनिया माझी आहे हे खोडायचं नाही. घरात असो नाहीतर नसो. जमतं तुझ्या यंत्राला एवढं?"

"जमतं," गार्नेट म्हणाला. तेवढंच तर करायचं होतं.

"मग झालं. हंड्याचं मात्र सांगू नकोस. हंड्यात घालू काय? दुकानचा घेवडा माझ्या हंड्यात जाणार नाही."

"लव्हिनिया आहे गावात. मी यंत्राला विचारून आलोय, तुझ्याकडून कुणी कुणी नेली. क्लिफर्ड मॉशरकडे आहे, कॉर्कमांच्या दोन्ही घरी आहे, बेटावरच्या मास्तरांकडे आहे. आणि आमच्याकडे."

"तुमच्याकडे? मग घेऊन का नाही आलास?"

गार्नेट चुलीकडे बघायला लागला.

"खाल्लात?" ब्यूलाने विचारलं.

"मला माहीत नव्हतं गं, तो तुझा आहे ते."

"किती खाल्लात?"

"दोन शनिवार."

 ब्यूलाच्या खांद्यांना हिसका बसला, आणि ती मेजाला धरून हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकल्यानंतर पुन्हा हसू आलं. "मला पत्र पाठवतो, काही मिळालं नाही म्हणून," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि पोट भरून बसलाय माझ्याच घेवड्याने! कसा लागला?"

"उत्तम लागला, मावशी."

"जॉयलीन काकवी कमी घालते. सांग तिला. आणि तो हंडा फायर हॉलमधून काढून आण, मागच्या वेळी कुणी घासला कोण जाणे."

घरी पोहोचल्यावर जॉयलीनने त्याला फडताळातली भरलेली बरणी दाखवली. "परतफेडीचा बाजूला काढूनच मग शिजवला," ती म्हणाली. "मी काय तुझ्यासारखी आहे?"

गार्नेटने दुपारीच नात्याच्या ओळीतली ती अट काढली. सभासदाचे वाण अनेक, वाण एका सभासदाचा. पुन्हा तेवढंच राहिलं. ज्या पानावर लोक बियाणं शोधायला येतात, फक्त त्या पानावर त्याने विचारलं: ज्यांच्याकडे आज शिल्लक आहे अशांची नावं दे. वीस-पंचवीस पानांपैकी कुठे काय विचारायचं ते एकेक करून लिहावं लागलं. त्याला पुरे तीन दिवस लागले, आणि तो एकदाही कुरकुरला नाही. ब्यूलाच्या पानावर आता तिचं नाव होतं, खाली लव्हिनिया घेवडा, आणि साठा: शून्य. बाकीच्या सात-आठ जणांची त्याने फोन करून माफी मागितली. त्यांनी पुन्हा चेष्टा केली, ती त्याने ऐकून घेतली. फर्नना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी बोटांवरच मोजीन. माझी बोटं हॉकी बघत नाहीत."

मार्चमध्ये, परतफेडीच्या दिवसाच्या आदल्या शुक्रवारी, क्लिफर्ड आणि कॉर्कम मंडळी आपापल्या परतफेडीच्या वाट्या ब्यूलाकडे पोहोचत्या करून आली. ती सगळी लव्हिनिया हंड्यात गेली. शनिवारी सकाळी फायर हॉलचं दार उघडलं, तर काकवीचा आणि खारवलेल्या मांसाचा वास पार रस्त्यापर्यंत आला होता. ब्यूला आपल्या टेबलामागे निळी टोपी घालून बसली होती, पुढ्यात ती लख्ख रिकामी बरणी. येणारा प्रत्येक जण थांबून विचारत होता, मावशी, बरी आहेस ना, आणि ती प्रत्येकाला सांगत होती, मी शून्य आहे, वेबसाइटवर बघ.

जॉयलीन आपली बरणी घेऊन आली आणि ब्यूलाच्या बरणीत ओतली. दाण्यांचा खळखळ आवाज झाला. ब्यूलाने एक दाणा उचलून त्याचा ठिपका पाहिला, दाताखाली धरून बघितला आणि मान डोलावली.

"गार्नेट, लिही आता. एक बरणी."

गार्नेट शेजारच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने शून्य पुसलं आणि एक लिहिला. त्याला इतका आनंद झाला होता, की त्याने तो आकडा जॉयलीनला बोलावून दाखवला.

तेवढ्यात एक तिशीतली बाई टेबलासमोर येऊन थांबली. टॅम्सिन तिचं नाव. ओंटारिओहून नुकतीच आलेली, नोकरी इस्पितळात, राहायला जुन्या शाळेच्या मागे. म्हणजे बाहेरची. बाहेरचा माणूस इथे पन्नास वर्षं राहिला तरी बाहेरचाच. ती बरणीकडे बघत होती, पण मागायला संकोचत होती.

"तू कुणाची गं?" ब्यूलाने विचारलं.

"माझं इथे कुणी नाही," टॅम्सिन म्हणाली. "अंगण आहे फक्त. भाड्याचं."

ब्यूलाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बरणी उचलली आणि तिच्या हातात दिली, सगळीच्या सगळी.

"मावशी!" फर्न मागून ओरडल्या. "अगं, थोडं तरी ठेव!"

"मेमध्ये लावायचा, माती गरम झाली की," ब्यूला टॅम्सिनला सांगत होती. "दोन बरण्या परत आणायच्या. कुणी विचारलं तू कुणाची, तर सांग, ब्यूला हर्टलची. आता जेवायला बस, हंडा उघडतायत." मग तिने मान वळवली. "गार्नेट, बघत काय बसलास? लिही."

"काय लिहू, मावशी?"

"शून्य. आणि हिचं नाव."

गार्नेटने एक पुसला आणि शून्य लिहिलं. खाली टॅम्सिनचं नाव घातलं, तिच्या नावापुढे एक बरणी, कुणाकडून आली तिथे ब्यूलाचं नाव. मग पान पुन्हा उघडून पाहिलं. ब्यूला जागच्या जागी होती, आणि लव्हिनिया तिचीच होती. त्याने लॅपटॉप मिटला आणि ताटली घेऊन हंड्यापुढच्या रांगेत उभा राहिला.